एका फोटोत एकच म्हणणे

पोळ्याच्या दिवशी गावाच्या आखरावर तोरणाखाली बैल उभे राहिले की मोबाइल नसलेला हात शोधूनही सापडत नाही. एका संध्याकाळी शेकडो फोटो निघतात आणि रात्री ते गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊ लागतात. बहुतेक फोटोंत सगळे काही असते: बैल, झुली, तोरण, मागे उभा ट्रॅक्टर, पुढाऱ्याचा फ्लेक्स, विजेचा खांब, कोणाचे तरी अर्धे डोके. सगळेच असल्यामुळे त्यात पाहायचे नेमके काय होते, तेवढेच सापडत नाही. ज्याने फोटो काढला त्याला मात्र त्या क्षणी फक्त आपल्या बैलाची जोडी दिसत होती. ही तफावत कोठून येते हे कळल्याशिवाय ‘फोटो साधा ठेवा’ हा सल्ला कितीही वेळा ऐकला तरी हातात उतरत नाही.

आपल्या डोळ्याला एका वेळी फार थोडा भाग स्पष्ट दिसतो. हात समोर ताणून अंगठा धरला, तर त्या अंगठ्याच्या रुंदीएवढा, म्हणजे सुमारे २ अंशांचा भाग काय तो बारकाव्यांसह दिसतो. बाकीचे दृश्य धूसरच असते. नजर सेकंदाला साधारण तीन वेळा जागा बदलते आणि मेंदू त्या तुकड्यांतून अखंड चित्र उभे करतो, म्हणून ती धूसरता आपल्याला जाणवत नाही. हे करताना मेंदू मनात असलेले तेवढे उचलतो आणि बाकीचे बाजूला सारतो. बैलाचा मालक बैलाकडे पाहत असतो तेव्हा खांब समोर असूनही त्याने तो पाहिलेलाच नसतो. कॅमेऱ्याला असा पक्षपात करता येत नाही. बैल, खांब आणि फ्लेक्स यांना तो सारख्याच इमानाने टिपतो. शिवाय माणसाला दोन डोळे असल्यामुळे खांब बैलाच्या बराच मागे आहे हे चटकन कळते, तर एकाच भिंगातून पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रात जवळचे आणि दूरचे एकाच सपाट पातळीवर येते, आणि तोच खांब बैलाच्या वशिंडातून उगवल्यासारखा दिसू लागतो.

पाहताना जे काम मेंदू आपोआप करतो, ते फोटो काढताना आपल्याला जाणीवपूर्वक करावे लागते. पाहणाऱ्याची नजर कशावर थांबावी हे आधी ठरवायचे आणि चौकटीतल्या बाकीच्या गोष्टी तिच्या वाटेत येणार नाहीत अशी व्यवस्था लावायची, एवढाच छायाचित्रणातल्या साधेपणाचा अर्थ आहे. चौकटीत वस्तू किती आहेत, याच्याशी त्याचा संबंध लोक समजतात तितका नाही. हिरवे लुगडे नेसलेली एकटी बाई फुलोऱ्याआधीच्या दाट तुरीत उभी असेल, तर वस्तू म्हणून चौकटीत एकच माणूस आहे, पण ते माणूसच दिसत नाही. असा फोटो रिकामा असूनही गोंधळाचा असतो.

या गोंधळामागचे कारण मानसशास्त्रात फार पूर्वी मांडले गेले आहे. डेन्मार्कचे मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ मध्ये आपल्या अभ्यासात वापरलेले एक चित्र पुढे जगभर प्रसिद्ध झाले. त्यात एकदा मधला चषक दिसतो, तर एकदा समोरासमोर आलेले दोन चेहरे दिसतात. दोन्ही गोष्टी एकदम मात्र दिसत नाहीत. मनाला एक आकृती लागते आणि उरलेले सारे पार्श्वभूमी म्हणून मागे ढकलावे लागते. फोटोत दोन गोष्टी सारख्याच जोरकस असल्या की नजर त्यांच्यामध्ये हेलकावे खात राहते, आणि पाहणारा दोन सेकंदांत पुढच्या फोटोकडे जातो. म्हणून आकृती कोणती आणि पार्श्वभूमी कोणती, हा निकाल फोटो काढणाऱ्यानेच द्यायला हवा.

हा निकाल कॅमेऱ्याच्या आधी शब्दांत लागावा, असे माझे मत आहे. ‘पोळ्याचा फोटो’ हा विषय झाला. त्यात अजून म्हणणे आलेले नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळची खांदशेकणी घेऊ. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या’ असे त्याला म्हणतात, आणि घरातली लहान मुले भोवती गर्दी करून उभी असतात. येथे सांगण्यासारख्या गोष्टी पुष्कळ आहेत: मुलांचे कुतूहल, घरधनिणीच्या हातातली आरती, धुतलेल्या बैलाची चमकणारी पाठ. समजा, यातले आपले म्हणणे एवढेच आहे की जुवाने घट्टा पडलेल्या खांद्यावरून आज माणसाचा हात फिरतो आहे. हे वाक्य मनात पक्के झाले की चौकट जवळजवळ आपोआप ठरते. हळदीने माखलेली बोटे, त्यांच्याखाली केस गळून काळा, जाड झालेला खांद्याचा तुकडा, आणि कडेला अर्धवट मिटलेला बैलाचा एक डोळा, बस्स. शेतकऱ्याचा चेहरा येथे नसला तरी चालतो, कारण तो आला की नजर आधी चेहऱ्यावर जाते आणि घट्टा दुय्यम होतो. माणसाचा चेहरा, त्यातही डोळे, आणि कोठलीही वाचता येण्याजोगी अक्षरे या दोन गोष्टी चौकटीत असल्या की नजरेला ओढून घेतातच. त्यांना मागे ठेवणे फार अवघड असते. म्हणूनच पाठीमागचा फ्लेक्स हा खांबापेक्षाही मोठा शत्रू आहे.

पुढचे काम पायांचे आहे. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्याचे भिंग बरेच रुंद दृश्य घेणारे असते. जुन्या फिल्मच्या हिशेबाने ते साधारण २५ मिलिमीटरच्या भिंगासारखे भरते. याचा व्यवहारातला अर्थ असा की मोबाइल आडवा धरून ५ मीटरवरून बैलाचा फोटो काढला, तर त्या अंतरावरचा सुमारे ७ मीटर रुंदीचा पट्टा चौकटीत येतो. बैलाची लांबी दोन-सव्वादोन मीटर धरली, तर चौकटीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग आपण न निवडलेल्या गोष्टींनी भरतो. अंतर निम्मे केले की पट्टाही निम्मा होतो. दुप्पट झूम केल्यानेही पट्टा निम्मा होतो, आणि बैल बुजरा असेल तर तेच बरे. मात्र स्वतंत्र झूम भिंग नसलेल्या फोनमध्ये झूम वाढवत नेला की फोन आहे त्याच चित्राचा मधला तुकडा मोठा करून दाखवतो आणि तपशील विरघळू लागतात. शक्य असेल तेथे दोन पावले पुढे जाणे हाच अजून सर्वांत स्वस्त आणि स्वच्छ उपाय आहे.

बाजूला सरकण्याचा परिणाम तर त्याहून नाट्यमय असतो. बैल आपल्यापासून १० फुटांवर आणि खांब त्याच्या ३० फूट मागे असेल, आणि आपण एक पाऊल, म्हणजे अडीच फूट उजवीकडे सरकलो, तर खांब बैलाच्या मानाने सुमारे दोन फूट उजवीकडे गेलेला दिसतो. वशिंडावरचा खांब एका पावलात शेपटीच्या किंवा शिंगांच्या पलीकडे नेता येतो. आणखी एक पाऊल टाकले तर तो बैलापासून अजून दूर सरकतो. ज्याला हा हिशेब एकदा डोळ्यांनी पाहायला मिळाला, तो पुन्हा एका जागी खिळून फोटो काढत नाही.

उंची बदलणे हा याच युक्तीचा दुसरा भाग आहे, आणि तो कापसाच्या वेचणीत सर्वांत चांगला समजतो. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी कमरेपर्यंत आलेली असते, बोंडे फुटून शेत पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले असते, आणि वेचणाऱ्या बाया ओटी बांधून ओळीने पुढे सरकत असतात. उभ्याने, डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला तर क्षितिजाची रेघ नेमकी बाईच्या मानेतून किंवा कानातून जाते. खाली ठिपक्यांचा गजबजाट, वर शेजारच्या धुऱ्यावरची बाभूळ आणि मोटारीची खोली. धुऱ्याखाली उकिडवे बसून फोन पऱ्हाटीच्या शेंड्यांच्या किंचित खाली आणला, तर बाईचे डोके आणि खांदे मोकळ्या आकाशावर येतात आणि बाकीचे सारे गळून पडते. याउलट बैलबंडीवर चढून वरून पाहिले, तर आकाशच नाहीसे होते आणि आपल्याला आधी गजबजाट वाटलेले शेत एकसारखे पसरलेले कापड होऊन तिच्यामागे येते. दोन्ही फोटो साधे आहेत, पण दोहोंचे म्हणणे एक नाही. खालून घेतलेल्या फोटोत ती बाई मोठी होते. वरून घेतलेल्या फोटोत तिच्यापुढे उरलेले शेत मोठे होते. कोणता घ्यावा हे नियमाने ठरत नाही, आपल्याला काय सांगायचे आहे त्यावरून ठरते. चौकटीचे तीन भाग करून विषय रेषेवर ठेवण्याचा जो नियम सर्वत्र शिकवला जातो, तो या निर्णयानंतर उपयोगी पडतो. त्याआधी त्याने काहीच सुटत नाही.

बटण दाबण्याआधी नजर चौकटीच्या चारही कडांवरून एकदा फिरवून आणण्याची सवय लावून घ्यावी. मध्ये काय आहे ते आपण पाहतच असतो. घाण साचते ती कडांना. कोणाच्या हाताची कापलेली कोपरे, अर्धी घमेली, कोणाच्या तरी दुपट्ट्याचे टोक यांतली प्रत्येक गोष्ट एक तर पूर्ण आत घ्यावी किंवा पूर्ण बाहेर ठेवावी. हे निंदणासारखे आहे: पिकाला हात न लावता त्याच्याभोवतीचे काढत जायचे, आणि ते तण लहान असतानाच काढायचे.

उजेड हे साधेपणाचे सर्वांत बलवान साधन आहे, आणि विदर्भात त्याचा स्वभाव टोकाचा आहे. मे महिन्याच्या उत्तरार्धात आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. २५ मेच्या आसपास अमरावती-नागपूरच्या पट्ट्यात काही क्षण उभ्या काठीची सावलीही पडत नाही. असा उजेड सगळ्या वस्तूंना सारखाच भाजून काढतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि झाडाखाली पांढऱ्या-काळ्या ठिगळांचा पसारा पडतो. अशा वेळी उघड्यावर माणसाचा साधा फोटो काढणे जवळजवळ अशक्य असते. त्याला ओसरीवर घ्यावे. कवेलूच्या, म्हणजे कौलारू घराचे दार हा उत्तम स्टुडिओ आहे. माणूस उंबऱ्याच्या हातभर आत, अंगणाकडे तोंड करून बसला, की अंगणातून परतलेला मऊ उजेड त्याच्या चेहऱ्यावर येतो आणि मागची खोली अंधारात बुडते. तेथे टांगलेले कपडे, टीव्ही, पोती, कॅलेंडर सगळे तसेच असते, पण कॅमेऱ्याला ते दिसत नाही. एकही वस्तू न हलवता खोली रिकामी होते.

मात्र हे घडण्यासाठी कॅमेऱ्याच्या एका खोडीवर लक्ष ठेवावे लागते. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे असेल असे गृहीत धरून कॅमेरा उजेड मोजतो. या करड्याचे प्रमाण परंपरेने १८ टक्के परावर्तनाचे मानले जाते. म्हणून अंधाऱ्या दारात बसलेल्या माणसाचा फोटो तो नको इतका उजळ करतो आणि लपलेले कॅलेंडर बाहेर आणतो. तर जिनिंगच्या आवारातली कापसाची पांढरीशुभ्र गंजी त्याच न्यायाने मळकट करडी करतो. उपाय दोन्हीकडे उलटा आहे. पडद्यावर विषयाला बोटाने स्पर्श करून, तेथे येणारे सूर्याचे चिन्ह अंधाऱ्या दृश्यात खाली आणि पांढऱ्या दृश्यात वर सरकवावे. कापसाची गंजी पांढरी झाली की तिच्यासमोर उभा असलेला हमाल कोणत्याही खटाटोपाशिवाय वेगळा उठून दिसतो.

रंगांबद्दल थोडक्यात एवढेच की लाल, केशरी आणि पिवळा हे रंग नजरेला आधी बोलावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा माळ सुकलेला, करडा-तपकिरी असतो, पाने गळालेली असतात. निसर्गानेच पार्श्वभूमी साफ करून दिलेली असते. पण त्या माळावर कोणी निळी ताडपत्री अंथरली असेल, तर केशरी फुले आणि निळा तुकडा यांच्यात लगेच भांडण सुरू होते. अशा वेळी फोनमध्ये फोटो कृष्णधवल करून पाहावा. रंग गेल्यावरही विषय वेगळा दिसत असेल, तर फोटो उजेडाच्या बळावर उभा आहे. विषय नाहीसा झाला, तर तो निव्वळ रंगावर उभा होता. यात चूक-बरोबर काही नाही, पण आपला फोटो कशाच्या जोरावर उभा आहे ते कळते.

पार्श्वभूमी धूसर करण्याला मात्र मी लोक देतात तेवढे महत्त्व देत नाही. मोठ्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरचे भिंग एफ १.८ या आकड्यापर्यंत, म्हणजे बरेच मोठे, उघडून दोन मीटरवरच्या माणसावर रोखले, तर त्याच्या बऱ्याच मागची झाडे विरघळून जातात. मोबाइलचा संवेदक इवलासा आणि भिंगाची खरी लांबी जेमतेम पाच-सात मिलिमीटर असल्याने तेथे जवळचे आणि दूरचे जवळपास सारखेच स्पष्ट येते. पोर्ट्रेट मोडमध्ये दिसणारी धूसरता फोन हिशेबाने, अंदाजाने लावतो. बैलाच्या कानाचे केस, कपाशीचे तंतू, गव्हाच्या ओंबीची कुसळे अशा बारीक कडांवर तो अंदाज चुकतो आणि कडा कात्रीने कापल्यासारख्या दिसतात. त्याहून मोठी अडचण अशी की धूसर केलेला पसारा हा पसाराच राहतो. मागचा पिवळा फ्लेक्स पिवळा डाग होऊन खांद्यावर बसतो. पावलांनी जे साधले नाही, ते धूसरतेने क्वचितच साधते.

साधनांची टंचाई साधेपणाला पोषक ठरू शकते, याचे चांगले उदाहरण वर्ध्याजवळ सेवाग्रामला घडले. गांधीजी १९३६ मध्ये तेव्हाच्या सेगावात राहायला आले. त्यांच्या नात्यातले तरुण कनू गांधी तेथे आश्रमाचे काम करत आणि पुढे १९४८ पर्यंत त्यांनी गांधीजींचे असंख्य फोटो काढले. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म घेतली, आणि गांधीजींनी परवानगी देताना तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, आपल्याला कधीही फोटोसाठी बसायला सांगायचे नाही, आणि आश्रमाकडून यासाठी पैसा मिळणार नाही. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर या तीन अटींनी तीन दरवाजे बंद होतात. फ्लॅश नाही म्हणजे खिडकी-दाराचा उजेड जेथे असेल तेथेच थांबायचे. विषयाला हलवायचे नाही म्हणजे स्वतःच हलायचे. पैसा नाही म्हणजे फिल्म जपून वापरायची, आणि त्या जातीच्या कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच फोटो निघत.

त्या कॅमेऱ्याची घडणही ध्यानात घेण्यासारखी आहे. रोलीफ्लेक्स छातीशी किंवा पोटाशी धरून वरून त्याच्या काचेत पाहायचे असते. काचेत डावे-उजवे उलटे दिसते आणि चौकट चौरस असते. पोटाच्या उंचीवरून पाहिल्यामुळे जमिनीवर बसून सूत कातणारा माणूस समोरासमोर येतो, वरून खाली पाहिल्यासारखा दिसत नाही. फोटो घेणारे भिंग न बदलणारे, त्यामुळे जवळ जायचे तर चालतच जावे लागते. माती, बांबू आणि कवेलूंनी बांधलेल्या गांधीजींच्या कुटीत भिंती मोकळ्या आणि सामान मोजके, त्यामुळे अर्धे काम घरानेच केलेले असे. आज सेवाग्रामला जाणाऱ्यांनी बापूकुटीसमोर सेल्फी जरूर घ्यावी, पण नंतर त्या मातीच्या भिंतींवर सकाळचा तिरपा उजेड कसा पडतो तेही थोडा वेळ पाहावे.

आतापर्यंतची उदाहरणे एका माणसाची किंवा एका बैलाची झाली, त्यामुळे गर्दीचा साधा फोटो होतच नाही असा समज होण्याची भीती आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी पाहिली की तो समज जातो. बांधीत तीस-चाळीस बाया एका ओळीत वाकलेल्या असतात आणि ओळ मागे मागे सरकत जाते. तीस पाठी एकाच कोनात वाकलेल्या असल्या की मन त्यांना तीस वस्तू म्हणून मोजत नाही; ती एक ओळ होते. पुनरावृत्तीने गर्दीला शिस्त येते. त्या ओळीत एकच बाई कंबर सरळ करायला उभी राहिली, की नजर तिच्यावरच जाते, आणि बाकीच्या पाठींमुळेच तिच्या उभे राहण्याला अर्थ येतो. तो क्षण येण्याची वाट पाहणे यातच फोटोग्राफरचे कसब आहे.

त्याच भागात धानाच्या शिवारात सारसांची जोडी दिसते, आणि तेथे साधेपणाची रीत पुन्हा बदलते. सारस हा माणसाएवढा उंच पक्षी आहे. तरी विस्तीर्ण हिरव्या बांध्यांमध्ये तो दुरून बोटाएवढा दिसतो. येथे जवळ जाण्याचा मोह टाळावा, कारण घरट्याजवळ माणूस गेल्याने पक्षी बिथरतो, आणि शिवाय गरजही नसते. चौकटीचा नव्वद टक्के भाग नुसता हिरवा राहिला तरी त्यावरचे दोन राखाडी आकार नजरेतून सुटत नाहीत. पक्षी ज्या दिशेला चालले आहेत तिकडे अधिक मोकळी जागा सोडावी, म्हणजे त्यांना जायला वाट आहे असे वाटते. मोकळी जागा दिसली की ती भरण्याची आपल्याला फार घाई असते.

घरी आल्यावर चौकट कापून फोटो साधा करता येतो, पण त्याला मर्यादा आहे. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची रुंदी आणि उंची दोन्ही निम्मी केली, तर हाती ३ मेगापिक्सेल उरतात. फोनवर पाहायला ते पुरेसे आहेत; दिवाळी अंकात पूर्ण पान स्वच्छ छापायला मात्र आठ-नऊ मेगापिक्सेल लागतात. आता फोनमध्ये बोटाने खांब पुसून टाकण्याचीही सोय आली आहे. घरच्या पोळ्याच्या फोटोतला खांब कोणी पुसला तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही; बातमीच्या फोटोत मात्र वस्तू पुसणे किंवा घालणे जबाबदार वृत्तसंस्था मान्य करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. कारण कापताना, पुसताना किंवा नुसते एक पाऊल सरकतानाही आपण पाहणाऱ्याच्या माहितीतून काहीतरी वजा करत असतो.

ही वजाबाकी कोठे थांबवावी, हा प्रश्न विदर्भाच्या बाबतीत जास्तच टोचतो. विदर्भातल्या शेतीचा फोटो म्हटला की बाहेरून आलेला फोटोग्राफर भेगाळलेली काळी जमीन आणि तिच्यावर उकिडवा बसलेला सुरकुतल्या चेहऱ्याचा म्हातारा शोधतो. रचनेच्या दृष्टीने तो फोटो निर्दोष असतो: एक माणूस, एकसारखी पार्श्वभूमी, ठळक रेषा. पण काळी माती दर उन्हाळ्यात भेगाळते. बेसाल्टच्या खडकापासून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून चांगला पाऊस झालेल्या वर्षीही मे महिन्यात शेतात हातभर खोल भेगा पडतात. शेतकरी त्यांना घाबरत नाही. भेगांमुळे माती मोकळी होते आणि पहिल्या पावसाचे पाणी खोलवर मुरते, हे त्याला ठाऊक असते. मग मेमधली भेगाळलेली जमीन दाखवून दुष्काळ सांगणारा फोटो साधा असला तरी खोटा ठरतो, आणि त्याचा खोटेपणा चौकटीबाहेर ठेवलेल्या महिन्यात असतो.

नापिकीचा साधा आणि खरा फोटो काढायचा असेल, तर चौकटीत काळ यायला हवा. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे दडी मारली, की सोयाबीनची पाने दुपारी उलटी पडून त्यांची फिकट खालची बाजू वर येते आणि पऱ्हाटीची पाती, म्हणजे फुलाआधीच्या कोवळ्या कळ्या, गळून सरीत पडते. गुडघाभर वाढलेल्या पिकाच्या दोन ओळी, त्यांच्यामधली उकललेली सरी आणि तीत पडलेली वाळकी पाती, एवढे वरून, जवळून घेतले तर माणसाच्या चेहऱ्याचीही आवश्यकता राहत नाही. भेगा याही फोटोत आहेत. पण त्यांच्या शेजारी उभे पीक आहे, त्यामुळे ही जमीन या महिन्यात अशी असायला नको होती हे पाहणाऱ्याला कळते. आणि ज्याला सोयाबीन ओळखता येत नाही अशा शहरातल्या वाचकासाठी फोटोखाली गाव, पीक आणि तारीख लिहून द्यावी.